कोरडेपणाचा आजार आणि त्याच्या निदानाच्या कसोट्या

(पुसेगाव, जि. हिंगोली येथील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गावोगावच्या आरोग्यविषयक व्याख्यानांत हिवताप, क्षय, कुष्ठरोग, माता-बालसंगोपन हे विषय नेहमी येतात आणि ते यायलाच हवेत. आजचा विषय त्या मानाने अपरिचित आहे. या आजाराची साथ येत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्याचे नावही जिभेवर सहज बसणारे नाही. तक्रारी मात्र कोणत्याही घरात ऐकू याव्यात अशा आहेत. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, तोंडाला कोरड पडते, ज्वारीच्या भाकरीचा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही, रात्री दोनदा-तीनदा उठून तांब्याला तोंड लावावे लागते. जोडीला सांधे दुखतात आणि अंगात त्राण राहत नाही.

या तक्रारी बहुधा चाळिशी-पन्नाशीच्या स्त्रीच्या असतात, आणि येथेच पहिली अडचण उभी राहते. घरातील माणसे म्हणतात, वय झाले. शेजारीण म्हणते, उष्णता वाढली आहे. डोळ्यांसाठी एक डॉक्टर, दातांसाठी दुसरा, गुडघ्यांसाठी तिसरा. प्रत्येकजण आपापल्या अवयवापुरते औषध देतो. तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच आजार असावा, हे ध्यानात येईपर्यंत अनेक वर्षे निघून जातात. तोवर लाळेचे संरक्षण नसलेले दात हिरड्यांलगत किडून पडू लागलेले असतात.

हा आजार म्हणजे शोग्रेनचा आजार. स्वीडनमधील नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात १९ स्त्रियांची हकीकत मांडली. त्यांचे डोळे कोरडे होते, तोंड कोरडे होते आणि त्यांपैकी १३ जणींना संधिवात होता. डोळा, तोंड आणि सांधे यांचे दुखणे एकाच धाग्यातले आहे, हे शोग्रेन यांचे म्हणणे. परीक्षकांना प्रबंध फारसा मोलाचा वाटला नाही आणि विद्यापीठातील अध्यापकपदाचा मार्ग शोग्रेन यांना बंद झाला. ते एका जिल्हा ठिकाणच्या रुग्णालयात डोळे तपासत राहिले. १९४३ मध्ये त्या प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर झाले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे गेले. नव्वद वर्षांनंतरही रुग्णाच्या वाट्याला जवळजवळ तेच येते, ही खेदाची गोष्ट आहे. तिचे म्हणणे खरे असते, पण कागदावर ते सिद्ध होत नाही.

कोरडेपणाचे मूळ

विहीर आटली म्हणजे पाऊस कमी झाला असे आपण म्हणतो, आणि मराठवाड्यात ते बहुधा खरेही असते. पण कधी पाऊस बरा होऊनही विहिरीत पाणी येत नाही, कारण आतले झरे बुजलेले असतात. शोग्रेनच्या आजारात असेच झरे बुजतात. शरीरात शिरणाऱ्या जंतूंशी लढणारी जी यंत्रणा निसर्गाने दिली आहे, ती परका आणि आपला हा भेद विसरते. रक्तातील लसिकापेशी अश्रुग्रंथींत आणि लाळग्रंथींत घुसून ठाण मांडतात, आणि त्या ग्रंथींचे काम मंदावत जाते. स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या अशा विकारांना स्वयंप्रतिकारजन्य विकार म्हणतात. आमवात हा त्याच कुळातला. शोग्रेनचा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे नऊपट अधिक आढळतो.

हे दुखणे डोळे आणि तोंड यांच्यापुरते राहिले असते, तर त्यासाठी व्याख्यानाची गरज नव्हती. काहींच्या फुप्फुसांवर, नसांवर किंवा मूत्रपिंडावर परिणाम होतो. मूत्रपिंडाच्या नलिका बिघडल्या म्हणजे शरीरातील पोटॅशियम लघवीवाटे वाहून जाते, आणि संध्याकाळी चालतीफिरती असलेली बाई पहाटे हातपाय उचलू शकत नाही. या आजाराची ओळख अशा अकस्मात लुळेपणातूनच पटल्याची उदाहरणे भारतातील डॉक्टरांनी वारंवार नोंदविली आहेत. थोड्या रुग्णांत पुढे लसिकाग्रंथींचा कर्करोग उद्भवतो. कानाखालची लाळग्रंथी सतत सुजलेली राहणे ही त्याची एक धोक्याची खूण.

आणि एक गोष्ट गरोदर मातांविषयीची, जी ऐकणाऱ्या परिचारिका भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावी. या आजारात रक्तात जे प्रतिपिंड तयार होतात, ते वारेतून गर्भापर्यंत पोहोचतात. असे प्रतिपिंड असलेल्या शंभर मातांपैकी एका-दोघींच्या बाळाच्या हृदयातील विद्युतवहनाचा मार्ग त्यामुळे कायमचा खंडित होतो. गर्भाचे ठोके मिनिटाला १२० ते १६० पडायला हवेत, ते साठ-सत्तरावर येतात. हा घात बहुधा गर्भारपणाच्या १८ ते २४ आठवड्यांच्या सुमारास होतो. माता अनेकदा स्वतः धडधाकट असते. आपल्या रक्तात असे काही आहे याची तिला कल्पनाही नसते. असे एक बाळ झालेल्या मातेला पुढच्या खेपेस हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध दिल्यास धोका निम्म्याहून कमी होतो, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. पण त्यासाठी पहिल्या खेपेलाच कारण कळलेले असावे लागते.

कागदाची पट्टी आणि मोजपात्र

कोरडेपणा मोजायचा कसा? सर्वांत जुनी कसोटी आश्चर्य वाटावे इतकी साधी आहे. जर्मन नेत्रवैद्य ऑटो शर्मर यांनी १९०३ मध्ये ती सांगितली. गाळणकागदाची पाच मिलिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर लांब पट्टी घ्यायची, तिचे टोक दुमडून खालच्या पापणीच्या आत अडकवायचे, आणि पाच मिनिटांनी कागद किती भिजला ते पाहायचे. निरोगी डोळ्याने पट्टी भराभर भिजते. ओल पाच मिलिमीटरच्या पुढे सरकली नाही, तर अश्रू कमी आहेत असे धरतात. दुसरी कसोटी लाळेची. काही न चघळता, न बोलता, पंधरा मिनिटे तोंडात साठेल ती लाळ मोजपात्रात थुंकायची. दीड मिलिलिटर किंवा त्याहून कमी भरली, तर तो दोष समजतात. तिसऱ्या कसोटीत डोळ्यात रंगद्रव्य घालून दुर्बिणीखाली पाहतात; कोरडेपणाने खरचटलेला भाग रंग धरतो. ही तपासणी मात्र नेत्रतज्ज्ञाकडेच व्हायला हवी.

पण या तिन्ही कसोट्यांतून एवढेच कळते की पाणी कमी आहे. का कमी आहे, ते कळत नाही. सर्दीच्या गोळ्या, रक्तदाबाची काही औषधे, मनाच्या आजारावरील औषधे यांनीही तोंड कोरडे पडते. मधुमेहात पडते. मिश्री, तंबाखू आणि सुपारीने तोंडाची आग होते व तोंड उघडेनासे होते, ते वेगळेच दुखणे. मान-डोक्याला किरणोपचार झाले असतील, यकृताची 'सी' कावीळ असेल, एचआयव्हीची बाधा असेल, तरी कोरडेपणा येतो. म्हणून विहीर आटली हे पाहून झाल्यावर झरा बुजला काय, हे पाहावेच लागते.

त्यासाठी दोन मार्ग सापडले. एक ओठातला. खालच्या ओठाच्या आतल्या बाजूस, ओठावर जीभ फिरवली असता बारीक दाण्यांसारख्या लागणाऱ्या लाळग्रंथी असतात. तेवढी जागा बधिर करून त्यांतील चार-पाच काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ग्रंथीच्या चार चौरस मिलिमीटर भागात पन्नास किंवा अधिक लसिकापेशींचा पुंजका दिसला, तर आजाराचा पुरावा मिळाला. १९६८ आणि १९७४ मधील संशोधनातून ही मोजणी रूढ झाली. ती भरवशाची आहे, पण तिला कुशल हात हवा आणि ते काचपट्ट वाचणारी सरावाची नजर हवी. काहींचा ओठ नंतर बराच काळ बधिर राहतो. 'ओठ कापणार' हे शब्द ऐकताच निम्मे रुग्ण परत फिरतात, हे कोणीही डॉक्टर सांगेल.

दुसरा मार्ग रक्तातला. १९६१ मध्ये या रुग्णांच्या रक्तात काही विशिष्ट प्रतिपिंड आढळले. १९६९ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी त्यांपैकी एकाला 'रो' आणि १९७४ मध्ये दुसऱ्याला 'ला' असे नाव दिले. ज्या रुग्णांच्या रक्तात ते प्रथम सापडले, त्यांच्या आडनावांची ही आद्याक्षरे. १९७५ मध्ये दुसऱ्या एका प्रयोगशाळेने त्यांनाच 'एसएसए' आणि 'एसएसबी' म्हटले, आणि दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत हे कळायला आणखी काही वर्षे लागली. तपासणीच्या अहवालांवर आजही दोन्ही नावे जोडून लिहिलेली असतात, त्याचे कारण हे.

'रो' हा या आजाराचा आजवर सापडलेला सर्वांत उपयुक्त बायोमार्कर, म्हणजे जैवसूचक होय. रोगाची उपस्थिती दाखविणारी, मोजता येणारी शरीरातील खूण, एवढाच या शब्दाचा अर्थ. मधुमेहात रक्तातील साखर जे काम करते, ते येथे 'रो'ने करावे अशी अपेक्षा होती. परंतु तीन रुग्णांमागे साधारणपणे दोघांतच तो सापडतो. शिवाय तो आमवाताच्या आणि ल्युपसच्या काही रुग्णांत, क्वचित निरोगी माणसांतही आढळतो. आणखी एक बारकावा : पुष्कळ ठिकाणी आधी 'एएनए' ही सर्वसाधारण तपासणी करतात आणि ती निर्दोष आली की थांबतात. 'रो' असूनही 'एएनए' निर्दोष येऊ शकते. म्हणून संशय पक्का असेल तर 'रो'ची तपासणी वेगळी सांगून करून घ्यावी लागते.

चौथ्या गुणाचा प्रश्न

२०१६ मध्ये अमेरिका आणि युरोप येथील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून एक गुणपद्धती ठरविली. शिक्षकांना ती चटकन उमजेल. ओठातील ग्रंथींत पुंजका सापडला तर ३ गुण. रक्तात 'रो' सापडला तर ३ गुण. डोळ्याने रंग धरला तर १, कागदाची पट्टी कोरडी राहिली तर १, लाळ कमी भरली तर १. उत्तीर्ण होण्यास, म्हणजे आजार गृहीत धरण्यास, ४ गुण हवेत. ही पद्धती मुळात संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करण्याकरिता आहे. एखाद्या रुग्णाचे निदान डॉक्टरने सर्व बाजू पाहूनच करायचे असते. तरीही तिचे गणित बोलके आहे. कागद, मोजपात्र आणि रंग या तिन्ही कसोट्यांत दोष आढळला, तरी बेरीज ३ होते. चौथा गुण रक्तातून किंवा ओठातूनच आणावा लागतो.

पुसेगावच्या रुग्णासाठी याचा अर्थ काय? पहिले तीन गुण जवळपास मोजता येतील. पट्टी आणि मोजपात्र यांना मोठे यंत्र लागत नाही. पण पुढचा गुण हिंगोली किंवा नांदेड येथे, आणि ओठाची तपासणी करायची तर संधिवाततज्ज्ञ व विकृतिशास्त्रज्ञ दोघेही असतील अशा मोठ्या रुग्णालयात. मजुरी बुडवून, सोबत एक माणूस घेऊन, पुन्हा अहवालासाठी फेरी मारून. कोणत्याही वेदनेने जीव जात नसलेली पन्नाशीची बाई घरातून असा खर्च कोणत्या तोंडाने मागणार? जैवसूचकांचा शोध प्रयोगशाळेतील हौस वाटतो, पण त्याचे खरे प्रयोजन हे आहे : एका सोप्या नमुन्यातून हा चौथा गुण मिळावा.

शोध बहुतांशी लाळेतच चालला आहे, आणि ते साहजिक आहे. १९७५ मध्येच या रुग्णांच्या लाळेत बीटा-दोन मायक्रोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन वाढलेले आढळले होते. २००८ मध्ये अमेरिकेतील संशोधकगटांनी मानवी लाळेतील ११६६ प्रथिनांची यादी सिद्ध केली, आणि मग चाळणी लावण्याचे काम सुरू झाले. लॉस एंजेलिस येथील डेव्हिड वाँग यांच्या गटाने २०१० मध्ये तीन प्रथिनांचा एक संच ल्युपसचे रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्याशी ताडून पाहिला. त्याच शहरातील दुसऱ्या गटाने २०१४ मध्ये अश्रूंतील कॅथेप्सिन-एस या द्रव्याकडे लक्ष वेधले. लाळग्रंथींच्या सोनोग्राफीचाही अभ्यास चालू आहे. आजारी ग्रंथीत काळे ठिपके विखुरलेले दिसतात. सोनोग्राफी यंत्र तालुक्यापर्यंत पोहोचले आहे, म्हणून हा मार्ग आपल्याकडे विशेष आशेचा वाटतो.

मग यांतील एखादी चाचणी अजून रुजू का झाली नाही? लाळ दिवसाच्या वेळेनुसार, खाण्यानुसार, तंबाखूनुसार बदलते. एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीत जुळत नाही. शिवाय ज्याची लाळ आटली आहे, त्याच्याकडूनच लाळेचा नमुना मागायचा, हा या शोधातील विनोद म्हणावा की क्रौर्य!

यापेक्षाही महत्त्वाचे कारण गणिताचे आहे. समजा, ५००० वस्तीचे गाव आहे आणि त्यात १५ जणांना हा आजार आहे. समजा, चाचणी इतकी उत्तम आहे की १०० रुग्णांतील ९५ पकडते आणि १०० निरोगी माणसांतील ९५ जणांना निर्दोष ठरविते. साऱ्या गावाची चाचणी केली तर १५ पैकी १४ रुग्ण सापडतील. परंतु उरलेल्या ४९८५ निरोगी माणसांपैकी सुमारे २४९ जणांवरही रोगी असा शिक्का बसेल. म्हणजे दोषी ठरलेल्या एकोणिसांत एक खरा. उत्साहाच्या भरात 'संपूर्ण गावाची तपासणी मोहीम' आखणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडावा. चाचणी ज्याला तक्रार आहे त्यालाच लावायची असते.

आपल्या देशातील चित्र

२००३ मध्ये लखनौच्या डॉक्टरांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की हा आजार भारतात दुर्मीळ दिसतो. २०१५ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील देबाशिष दांडा व सहकाऱ्यांनी एकाच रुग्णालयातील ३३२ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. बारा वर्षांत आजार वाढला असे मानण्यापेक्षा, पाहणारी नजर वाढली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. दरम्यान २००६ मध्ये अहमदाबाद येथे कीर्तिदा ओझा यांनी 'शोग्रेन्स इंडिया' ही रुग्णांची संस्था सुरू केली. आजाराचे नाव रुग्णांपर्यंत नेण्यात तिचा वाटा आहे.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पुणे जिल्ह्यातील भिगवणचे उदाहरण मार्गदर्शक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहयोगाने आखलेल्या संधिवात-पाहणीत डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने १९९६ मध्ये तेथे घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. प्रश्नावली हाती घेऊन घरांत जाणारे स्वयंसेवक गावातलेच होते. रक्ताचे नमुने आणि तज्ज्ञ नंतर आले. आधी प्रश्न विचारले गेले.

शोग्रेनच्या आजारासाठीही असे पाच प्रश्न ठरलेले आहेत. तीन महिन्यांहून अधिक काळ डोळे रोज कोरडे वाटून त्रास होतो काय? डोळ्यांत वाळू किंवा खडा असल्यासारखे वारंवार वाटते काय? डोळ्यांत ओलाव्याचे थेंब दिवसातून तीनदाहून अधिक वेळा घालावे लागतात काय? तीन महिन्यांहून अधिक काळ तोंड रोज कोरडे असते काय? कोरडे अन्न गिळण्यासाठी वारंवार पाणी प्यावे लागते काय? शेवटच्या प्रश्नात आपल्याकडे 'भाकरी' हा शब्द घातला म्हणजे पुरे. एकाचे जरी उत्तर होकारार्थी आले, तरी पुढील चौकशीस आधार मिळतो. हे प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. आशा कार्यकर्ती ते घरभेटीत विचारू शकते. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलताना ते मांडू शकतात. २०२४ पासून हिंगोली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नेत्र, दंत आणि औषधवैद्यक या तिन्ही विभागांच्या नोंदी एका कागदावर आल्या, तर पुष्कळ काम झाले.

आजार मुळातून बरा करणारे औषध आजमितीस नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण कृत्रिम अश्रू, दातांसाठी फ्लोराइड, लाळ वाढविणाऱ्या गोळ्या आणि सांधेदुखीवरील औषधे यांनी दिवस सुसह्य होतात, आणि फुप्फुसे, मूत्रपिंड यांवर वेळीच लक्ष ठेवता येते. दुकानातून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचे थेंब आणून डोळ्यांत घालू नयेत. त्याने काचबिंदू होतो. मध किंवा झाडपाल्याचा रसही घालू नये.

रुग्णास पुढे पाठविताना चिठ्ठीवर 'अशक्तपणा, डोळे जळजळणे' एवढेच लिहिले जाते, आणि ती चिठ्ठी नेत्रविभागातून परत येते. त्याऐवजी चार ओळी लिहाव्यात. कोरडेपणा कोठे कोठे आहे आणि किती महिन्यांपासून. सांधे दुखतात काय, कानाखाली सूज येते काय. चालू औषधांची नावे, मधुमेह आणि तंबाखू. स्त्री असेल तर पूर्वी पोटात दगावलेले किंवा हृदयाचे ठोके मंद असलेले बाळ झाले होते काय. आणि शेवटी : 'शोग्रेनचा संशय, शर्मर पट्टी व रो प्रतिपिंड तपासावे.' रक्तातील 'रो'चे ३ आणि पट्टीचा १, असे चार गुण ओठाला हात न लावता तीनांपैकी दोन रुग्णांत मिळू शकतात. उरलेल्या तिसऱ्या रुग्णाला आज तरी ओठाच्या तपासणीसाठी मोठ्या रुग्णालयातच जावे लागेल.